केसभर हललेला कॅमेरा

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ उठतेय की नाही हे पाहायला गवंडी दोरीच्या टोकाला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. पहिल्या नोकरीतल्या मुकादमाने चिडून हे नाव ठेवलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. कारण हा पठ्ठ्या जाईल तिथे आधी लोकांचं वाकडं सरळ करायचा आणि मग आपल्या कामाला हात घालायचा. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी भिंतीवरची चौकट सारखी केल्याशिवाय खुर्चीला पाठ टेकायचा नाही. एकदा बायकोने मुद्दाम कॅलेंडर तिरकं टांगून ठेवलं. जेवणावरून उठायचं नाही असं त्याने ठरवलं होतं म्हणे, पण घास घशाखाली उतरेना. शेवटी उठला, कॅलेंडर सरळ केलं आणि मग पुढचा घास घेतला. बायको हसून हसून बेजार झाली.

काम कॅमेरे जोडण्याचं. फोटोचे कॅमेरे नव्हेत आणि पहाऱ्याचेही नव्हेत. हे कॅमेरे माणसाची हालचाल टिपतात. खोलीच्या चहूबाजूंनी लावायचे, काही छताजवळ, काही पायांच्या उंचीला. प्रत्येकाच्या भिंगाभोवती तांबड्या दिव्यांचं कडं असतं. माणसाच्या गुडघ्याला, घोट्याला, अंगठ्याला बोराएवढे चमकते गोळे चिकटवायचे आणि त्याला चालायला सांगायचं. या कॅमेऱ्यांना माणूस दिसतच नाही, नुसते गोळे दिसतात. एकाला दिसून उपयोग नसतो. दोघातिघांनी एकाच क्षणी तोच गोळा पाहिला, तरच तो खोलीत नेमका कुठे आहे ते संगणकाला कळतं. म्हणून सगळ्यांना एका जाळ्यात बांधावं लागतं. प्रत्येकाची एक केबल, तिच्यातूनच वीज जाते आणि तिच्यातूनच चित्र परत येतं. सगळ्या केबली एका स्विचच्या पेटीत येऊन बसतात आणि तिथून एकच तार संगणकाकडे निघते.

"सगळ्यांचे डोळे एकदम उघडले पाहिजेत, एकदम मिटले पाहिजेत," असं तो नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा. सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू ते डोळे त्यानेच घडवलेत.

जोडणी झाली की खोलीची ओळख करून द्यायची. हा त्याचा शब्द. गोळे लावलेली एक कांडी हातात धरून तो खोलीभर हवेत फिरवायचा, कोपऱ्याकोपऱ्यातून, वरून, खालून, एखाद्या खुळ्यासारखा. त्यावरून संगणक ताडतो की कुठला कॅमेरा कुठे बसलाय आणि कुठे बघतोय. ही ओळख एकदा झाली की कॅमेऱ्याला बोटसुद्धा लावायचं नाही. केसभर जरी कुणी त्याची मान वळवली, तर तो कॅमेरा बघतो एकीकडे आणि संगणकाला वाटतं तो बघतोय दुसरीकडे. या धंद्यातला पहिला नियम तो हाच. ओळंबा तर काम संपलं की प्रत्येक दारावर स्वतःच्या अक्षरात कागद लावायचा, 'कॅमेऱ्यांना हात लावू नये.' तो कागदही पट्टी धरून लावायचा, हे वेगळं सांगायला नको.

हा सरळपणा त्याने उचलला होता आक्काकडून. आक्का म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली आणि आक्कानेच त्याला लहानाचा मोठा केला. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. शाळा सुटली की हा तिच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसायचा आणि ती हातातल्या दोऱ्या एका भोकातून काढून दुसऱ्यात घालताना टक लावून पाहायचा. दोरीला पीळ पडलेला दिसला की आक्का त्याच्या हातावर चापट मारायची, पीळ त्याने पाडलेला असो नसो. बोलायला तिखट, पण शब्दाची पक्की. 'जोडते' म्हणाली की जोडायची, 'लागत नाही' म्हणाली की खरंच लागत नसे. गावभरच्या लोकांना तिचा चेहरा ठाऊक नव्हता, पण तिच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही.

गेल्या वर्षी आक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. मग हळूहळू हात आला, बोलणं आलं, पाय मात्र रुसून बसला. तिचं स्वतःचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून ओळंब्याने तिला आपल्या तळमजल्यावरच्या घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत तिचा पलंग टाकला. बायकोने काही कमी केलं नाही. "वन्सं, तुम्ही उठू नका, मी देते," असं दिवसातून किती वेळा म्हणायची. आक्काला नेमकं तेच नको होतं. तिला तिची खिडकी हवी होती, खिडकीतल्या कुंड्या हव्या होत्या. रेडिओ मोठा लावते म्हणून भांडायला येणारी ती समोरची बाईसुद्धा हवी होती. घराचं भाडं ती भरतच होती. डॉक्टरांनी अट घातली होती की चालताना उजवं पाऊल जमिनीपासून नीट सुटतंय असा चालण्याच्या खोलीचा अहवाल आला, तर जिने चढायला मोकळी. नाहीतर एखाद्या पायरीला अंगठा अडून पडायची आणि खुबा मोडून बसायची.

आणि चालण्याची खोली कुणाची, तर ओळंब्याची. म्हणजे होती उपचार केंद्राची, पण तिथले सगळे कॅमेरे त्याने जोडले होते. "माझ्याच खोलीत तुझी परीक्षा," तो आक्काला म्हणायचा. आक्का म्हणायची, "पेपर फोडून ठेव मग."

तिने व्यायामात कसूर केली नाही. सकाळ-संध्याकाळ पलंगाच्या काठाला धरून पाऊल उचलायची, टेकवायची, पुन्हा उचलायची, तोंडाने स्वतःलाच शिव्या घालत.

परीक्षेच्या आधी केंद्र चालवणाऱ्या संस्थेची बडी मंडळी खोली बघायला येणार होती. ओळंबा भल्या सकाळी हजर झाला. कांडी फिरवून खोलीची ओळख करून दिली, सगळं जागच्या जागी आहे असं पाहिलं आणि दारात उभं राहून एकदा नजर फिरवली. कोपऱ्यात, पायांच्या उंचीला लावलेल्या कॅमेऱ्याची केबल तेवढी सैल पडून पोट आल्यासारखी लोंबत होती. कामाला त्याने काही बाधा येत नव्हती. पण बडी मंडळी दारातून आत आली की पहिली नजर तिथेच जाणार होती.

तो खाली बसला. केबल ताणली, प्लास्टिकचा टाय घालून खालच्या दांड्याला बांधली आणि टाय कर्रकन ओढला. उरलेलं शेपूट कापून टाकलं. केबल कशी दोरी आखल्यासारखी सरळ झाली. टाय ओढताना कॅमेऱ्याची मान किंचित हलल्यासारखी वाटली. वाटली, आणि त्याने ती वाटू दिली नाही. पुन्हा ओळख करून द्यायची तर कांडी काढायची, खोली मोकळी करायची, आणि बाहेर तर पायरव ऐकू येऊ लागला होता. केसभर हललं असेल नसेल, असं म्हणून तो उठला आणि गुडघे झटकले. मंडळी आली, पाहून गेली. एकाने केबलींकडे बोट दाखवून "काय सुबक काम आहे" असंही म्हटलं. ओळंब्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढे थेरपिस्ट बाईंनी एकदा विचारलं होतं. खोली चालवायच्या त्या. "दादा, पडद्यावर या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या नावापुढे अधूनमधून इशाऱ्याची पिवळी खूण येतेय हो."

"नवा आहे, नखरे करणारच," ओळंबा म्हणाला. "जाईल आपोआप."

आक्काची पाळी आली त्या दिवशी तो मुद्दाम वेळ काढून गेला. भिंतीशी बाकावर आणखी चारदोन पेशंट बसले होते, सफाईवाल्या मावशी दारात ओला पोछा घेऊन उभ्या होत्या. आक्काच्या पायांवर गोळे चिकटवले. "हे काय, नाटकात उभी करताय की काय मला?" ती म्हणाली आणि बाकावरची माणसं हसली. मग ती चालली. काठी न घेता, मान वर करून, ओठ घट्ट मिटून चालली. या टोकाला आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एखाद्या शाळकरी पोरीचं हसू होतं.

थेरपिस्ट बाई पडद्याकडे बघत राहिल्या. "मावशी, अंगठा सुटत नाहीये हो. घासतोय."

"छे. मी उचलला."

"पुन्हा एकदा चाला बरं."

पुन्हा चालली. पडद्यावर पुन्हा तेच. आक्काचा आवाज चढला. "अहो, पाय माझा आहे. मला कळतंय ना, मी उचलला!"

"बघताना उचलल्यासारखा वाटतो खरा," बाई अडखळल्या. प्रश्न बोटभर अंतराचा होता, नुसत्या नजरेला तो कसा कळणार? त्यांनी ओळंब्याकडे पाहिलं.

आता इथे एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, थांबा, एकदा तपासून बघतो. पण बाकावरची माणसं बघत होती, आणि ज्या कामाला परवाच सुबक म्हटलं गेलं होतं त्याच्यावर सख्खी बहीण शंका घेत होती.

"आक्का, हट्ट पुरे," तो म्हणाला. "डोळा फसतो, मन फसतं. कॅमेरा खोटं बोलत नाही, खोटं माणूस बोलतं. व्यायाम नीट करायचा नाही आणि वर यंत्राला नावं ठेवायची, हे बरं नाही."

आक्काने त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे पाहिलं. उभ्या जन्मात तिला खोटं बोलतेस असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि आज म्हटलं ते तिच्याच हाताखाली वाढलेल्याने, लोकांदेखत. ती वळून खुर्चीत बसली आणि गोळे काढून घ्यायला पाय पुढे केला.

त्या दिवसापासून आक्का खाली बघून चालू लागली. कोपऱ्यात ठेवून दिलेला वॉकर तिने पुन्हा मागून घेतला. बायकोने समजावलं, "वन्सं, अहो, काल-परवापर्यंत तुम्ही नुसत्या काठीवर होतात."

"मला वाटत होतं तसं," आक्का म्हणाली. "मला वाटतं मी उचलला आणि तो उचललेला नसतो. मग माझ्या वाटण्यावर भरवसा काय ठेवायचा, सांग बरं."

तिच्या तोंडच्या शिव्याही बंद झाल्या. ओळंब्याला वाटलं, चला, समजूत पटली. एक दिवस तिने पर्समधून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली आणि घरमालकीणबाईंना देऊन यायला सांगितलं. उगाच भाडं भरत कशाला बसायचं, म्हणाली. ओळंब्याचा स्वभाव असा की काम अंगावर ठेवायचं नाही. तो त्याच संध्याकाळी जाऊन किल्ली देऊन आला, कुंड्या समोरच्या बाईच्या दारात मांडून आला, त्याही एका ओळीत. परत आल्यावर "झालं काम" म्हणाला. आक्काने भिंतीकडे तोंड केलं.

मग एक धावपटू मुलगी गुडघा दाखवायला त्या खोलीत आली. तिचा अहवाल आला की उजवा अंगठा जमिनीला घासतो. ती खो-खो हसत सुटली. "मी पाय ओढते? मग परवाची शर्यत काय माझ्या आत्याने जिंकली?"

थेरपिस्ट बाईंनी ओळंब्याला बोलावून घेतलं. तो आला तो, यांना यंत्र चालवता येत नाही, अशा थाटात आला. एक गोळा घेतला आणि जमिनीवर ठेवून काठीने ढकलत नेला. पडद्यावर गोळा जमिनीला धरून सरळ चालला होता. कोपऱ्याच्या बाजूला आल्यावर मात्र तो जमिनीच्या खाली उतरू लागला. फरशी कुठे फुटली नव्हती, गोळा डोळ्यांसमोर फरशीवरच होता, आणि पडद्यावर मात्र तो बोटभर खाली बुडाला होता.

ओळंब्याने त्या कोपऱ्याकडे पाहिलं. आपला टाय पाहिला, ताणलेली सरळ केबल पाहिली. त्या केबलीने कॅमेऱ्याची पाठ खाली ओढून धरली होती आणि नाक वर केलं होतं. उजव्या अंगठ्याला पाहणारा तोच मुख्य कॅमेरा होता. कळायला क्षणही लागला नाही. सगळ्यांकडे पाठ करून तो खाली बसला आणि कटरने टाय तोडला, तसं कॅमेऱ्याने हलकेच नाक खाली केलं. त्याला ती धावणारी पोर आठवली नाही. मान वर करून चालत आलेली आक्का आठवली, तिचं ते हसू आठवलं, आणि फरशीने आपल्यालाही असंच खाली घ्यावं असं त्याला झालं.

"काय झालं होतं, दादा?" बाईंनी विचारलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही त्याने. बाहेर आलं ते भलतंच. "थोडा हलला होता. कुणाचा तरी धक्का लागला असेल."

बाईंनी दारातल्या सफाईवाल्या मावशींकडे पाहिलं. "पोछ्याची काठी लागली असेल. किती वेळा सांगितलं, त्या बाजूला जपून."

"मी नाही हो लावली," मावशी म्हणाल्या. "मी लांबूनच पुसते. मला कळतंय ना, मी नाही लावली."

शब्दसुद्धा तेच. ओळंबा कांडी काढून हवेत फिरवू लागला आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही. आता ही दुसरी बाई होती जिला त्याच्यापायी खोटं ठरवलं गेलं, आणि हे तर त्याला माहीत असताना. लाज वाटत होती, चांगलीच वाटत होती, पण माणूस लाजेने खरं बोलतोच असं नाही. लाजेपायीच तो आणखी लपतो.

"मधल्या काळातले सगळे पुन्हा बोलवावे लागतील," बाई म्हणाल्या. "तुमच्या आक्कासुद्धा."

"बोलवा, बोलवा," तो घाईने म्हणाला. मनात त्याने हिशेब मांडूनही टाकला. आक्का पुन्हा चालेल, पाय उचललेला दिसेल, अहवाल चांगला येईल. यंत्र सुधारलंय असं म्हणायचं. कुणाला काही सांगायला नको आणि आक्का आपल्या घरी. मधल्या किल्लीचा विचार त्याने मागे ढकलला.

घरी येऊन तो आक्काला म्हणाला, "पुन्हा एकदा जायचंय. रीत असते तशी."

"पुन्हा कशाला? एकदा ऐकलंय मी."

"माझ्यासाठी चल."

ती आली. वॉकर घेऊन आली, तो चालण्याच्या पट्टीच्या टोकाला ठेवला आणि चालायला लागली. ओळंबा पडद्याकडे बघत होता. गोळ्यांची आकृती खाली मान घालून, दबकत, जमीन चाचपत पुढे सरकत होती. उजवा अंगठा घासत होता.

त्याने जमिनीवर गोळा ठेवून पाहिला. गोळा फरशीवरच दिसला. प्रत्येक केबल तपासली, स्विचच्या पेटीतले दिवे तपासले, पिवळी खूण कुठे दिसते का ते पाहिलं. कुठेही काही नव्हतं. आपलं काम चुकलेलं निघावं अशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा आशा केली आणि नेमकं आजच सगळं बिनचूक होतं. पहिल्या वेळी पाय उचलला जात होता. मधल्या काळात आक्काने आपल्या पायाचं ऐकणं सोडून भावाचं ऐकलं होतं, आणि पाय भावाच्या म्हणण्याप्रमाणे चालू लागला होता.

"कळलं," आक्का खुर्चीत बसत म्हणाली. "दोन-दोनदा ऐकवायची गरज नव्हती, धाकट्या."

तेव्हा त्याचा बांध फुटला. बाकावर माणसं होती, थेरपिस्ट बाई होत्या, सफाईवाल्या मावशी होत्या. त्या दिवशी जितके लोक होते साधारण तितकेच.

"आक्का, मागच्या वेळी कॅमेरा चुकला होता," तो म्हणाला. "मी चुकवला होता. ओळख झाल्यावर मी त्याला हात लावला. केबल लोंबत होती, दिसायला वाईट दिसत होती, म्हणून बांधली. मान हलली ते मला कळलं होतं, तरी तसाच सोडला. या मावशींनी काठी लावली नव्हती. आणि तू खोटं बोलत नव्हतीस."

थेरपिस्ट बाईंचा चेहरा उतरला. "दादा, तुम्ही तर धक्का लागला म्हणालात."

"म्हणालो खरा."

सफाईवाल्या मावशींनी पोछा बादलीत बुडवून तो नेहमीपेक्षा जरा जोरात पिळला.

आक्का मात्र एवढंच म्हणाली, "म्हणजे मी उचलत होते?"

"दाखवता येईल," ओळंबा म्हणाला. "प्रत्येक कॅमेऱ्याने काय पाहिलं ते वेगवेगळं साठलेलं असतं. कोपऱ्यातल्याची साक्ष काढून टाकली, तर बाकीच्यांच्या भरवशावर तुझं चालणं पुन्हा उभं करता येतं."

बाईंनी जुनी नोंद उघडली, तो कॅमेरा वगळला आणि यंत्राला पुन्हा मांडायला लावलं. पडद्यावर ठिपके उभे राहिले. मध्येच एखादा ठिपका लुकलुकायचा, पण अंगठा दिसत होता. मान वर केलेली एक बाई चालत आली. उजवं पाऊल उठलं, त्याच्याखाली हवेची स्वच्छ फट दिसली, आणि ते पुढे जाऊन टेकलं.

"परत लावा," आक्का म्हणाली.

परत लावलं. मग आणखी एकदा. आक्का पुढे झुकून बघत होती आणि ओळंब्याला पडद्याकडे बघवत नव्हतं, तिच्याकडेही बघवत नव्हतं.

"ही मी," ती स्वतःशीच म्हणाली. "मग आज का उचलत नाही तो?"

"भीतीने, मावशी," थेरपिस्ट बाई म्हणाल्या. "तुम्ही जमिनीकडे बघून चालताय. पायात ते आहे अजून. परत येईल, पण मेहनत पुन्हा घ्यावी लागेल. चूक माझीही झाली. डोळ्यांना दिसत होतं ते मी बोलले नाही."

ओळंब्याला वाटलं, आता आक्का फाडकन बोलेल. लहानपणी मारायची तशी हातावर चापट तरी मारेल. तिने मारली असती तर बरं झालं असतं.

"एक्स्चेंजमध्ये लाइन लागली नाही," आक्का शांतपणे म्हणाली, "तर मी आधी माझी जोडणी बघायची. दोरी काढायची, पुसायची, पुन्हा घालायची. बोलणारा खोटं बोलतोय असं माझ्या कधी मनातही आलं नाही. तू शेजारीच बसायचास की रे."

तो मान खाली घालून उभा राहिला.

"किल्ली कुठे आहे?"

"दिली."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी."

आक्का हसली. ते हसणं त्याला चापटीपेक्षा जास्त लागलं. "तुझं काम पहिल्यापासून चोख," ती म्हणाली. मग वॉकर ओढून घेत उठली. "जा, परत मागून आण. पायाचं मी बघते, किल्लीचं तू बघ. आणि म्हातारीचं मन बदललं असं सांगू नकोस तिथे. झालं ते सांग."

तो निघाला. आक्काच्या इमारतीत घरमालकीणबाई तळमजल्यावरच राहायच्या. जिन्यापाशी रंगाचे डबे मांडलेले होते आणि वरून भिंत खरवडल्याचा आवाज येत होता. तिसऱ्या मजल्यावरून येतोय की दुसऱ्या, ते त्याला कळेना. विचारायचं धाडस होईना, म्हणून तो तसाच दारापुढे उभा राहिला. घरमालकीणबाईंच्या दारावरची नावाची पाटी एका खिळ्यावर तिरकी लोंबत होती. त्याचा हात सवयीने वर गेला, पाटीपर्यंत पोचला, आणि त्याने तो मागे घेतला. पाटी तशीच ठेवून त्याने घंटा वाजवली.

दार उघडलं. "तुम्ही? आता काय राहिलं?" घरमालकीणबाईंनी विचारलं. "किल्ली तर दिलीत ना?"

"दिली," ओळंबा म्हणाला. "तीच मागायला आलोय. माझी बहीण खरं बोलत होती, आणि मी तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं."